अर्थशास्त्राचं चौथं वर्ष: ऑनर्स विथ रिसर्च घ्यावं का, आणि घेतलं तर ते कसं पार पाडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.ए. अर्थशास्त्राचं सहावं सत्र सुरू आहे, आतापर्यंतची सरासरी 78 टक्क्यांच्या आसपास आहे. चौथ्या वर्षी ऑनर्स विथ रिसर्च (संशोधन प्रकल्पासह चार वर्षांची पदवी) घ्यावं की तीन वर्षांची पदवी घेऊन सरळ एम.ए.ला जावं? आणि संशोधन घेतलंच तर विषय, गाईड, डेटा यांची सुरुवात कुठून करायची?

आधी वर्षांचा हिशेब. तीन अधिक दोन किंवा चार अधिक एक, एम.ए.पर्यंत दोन्हीकडे पाचच वर्षं लागतात. त्यामुळे वर्ष वाचतं किंवा वाया जातं ही चर्चा निरर्थक. फरक दोन ठिकाणी पडतो. एक, चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.च्या प्रवेशासाठी थेट पात्रता मिळते, आणि 2024 पासून अशा विद्यार्थ्यांना नेटला, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेलाही, बसता येतं. साहाय्यक प्राध्यापकाची पात्रता ही वेगळी गोष्ट आहे, त्यासाठी एम.ए. करावंच लागतं, या दोन्हींची गल्लत फार होते. दुसरं, परदेशी, विशेषतः अमेरिकेत जायचं असेल तर तिथली अनेक विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, आणि चार वर्षांच्या पदवीने ती अट पुरी होते. मात्र चौथं वर्ष संपल्यावर एका वर्षाचं एम.ए. तुम्हाला हव्या त्या विद्यापीठात खरोखर सुरू आहे का, आणि त्याला किती जागा आहेत, हे प्रवेश घेण्याआधी विचारून ठेवा. नाहीतर चार वर्षं करून पुन्हा दोन वर्षांच्या एम.ए.ला बसावं लागेल.

स्पष्टच सांगायचं तर ध्येय एमपीएससी किंवा बँकेच्या परीक्षा असेल तर हे वर्ष घेऊ नका. त्या परीक्षांना लागणारी तयारी आणि संशोधनाला लागणारी बैठक या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी करणाऱ्यांचं सहसा दोन्हीकडे अर्धवट होतं. डेटावर आधारलेली नोकरी, धोरण संस्थांमधलं काम किंवा पुढे पीएच.डी. करायची इच्छा असेल तर मात्र हे वर्ष कामाचं आहे.

पात्रतेची अट पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक अशी आहे. तुमच्या 78 मध्ये जागा आहे, पण सहावं सत्र ढिलं सोडण्याइतकी नाही. सीजीपीएवरून टक्के काढण्याचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं. साडेसात म्हणजे पंचाहत्तर असं गृहीत धरू नका, गुणपत्रिकेच्या मागची तळटीप वाचा. आणि कॉलेजलाही अट आहे: विभागात पीएच.डी.चे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम प्राध्यापक हवेत. ते नसतील तर तुमच्या कॉलेजात फक्त साधं ऑनर्स मिळेल, म्हणजे संशोधन प्रकल्पाऐवजी आणखी विषय. ही चौकशी एप्रिलमध्येच करा.

आता वेळ. संशोधन प्रकल्प 12 क्रेडिटचा असतो. अशा कामाला एका क्रेडिटमागे 30 तास धरतात, म्हणजे एकूण 360 तास. महाराष्ट्रात ते साधारण सातव्या सत्रात 4 आणि आठव्यात 8 क्रेडिट असे विभागले जातात. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर पहिल्या सहामाहीत आठवड्याला 8 तास, दुसऱ्या सहामाहीत 16 तास. कागदावर हे भरपूर वाटतं. प्रत्यक्षात यातले निम्मे तास डेटा मिळवण्यात आणि साफ करण्यात जातात, पाव वाचनात जातात, आणि विश्लेषण व लेखन यांच्या वाट्याला जेमतेम 90 तास उरतात. विषय निवडताना हा 90 चा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. कारण वर्ष बिघडतं ते आळसामुळे क्वचितच. ते बिघडतं 90 तासांत न मावणारा विषय ऑगस्टमध्ये मंजूर करून घेतल्यामुळे.

विषय नको, प्रश्न हवा

‘महाराष्ट्रातील महिलांचा श्रमसहभाग: एक अभ्यास’ हा विषय झाला. त्यावर दहा प्रबंध होतील किंवा एकही होणार नाही. प्रश्न असा हवा: महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात 25 ते 54 वयाच्या विवाहित स्त्रियांचा कामातला सहभाग 2017-18 ते 2023-24 या काळात जितका बदलला, त्यातला किती वाटा पगारी आणि मजुरीच्या कामाचा, किती स्वतःच्या धंद्याचा आणि किती घरच्या शेतीत-दुकानात केलेल्या बिनपगारी मदतीचा?

यात प्रदेश ठरला, वय ठरलं, काळ ठरला, आणि उत्तर एका तक्त्यात बसतं. ‘का वाढला’ हे विचारलेलंच नाही. ‘किती आणि कशाचा बनलेला’ एवढंच विचारलं आहे, आणि पदवीच्या पातळीवर ते पुरेसं आहे. कारण शोधायच्या नादात कमकुवत पद्धत वापरण्यापेक्षा नीट केलेलं वर्णन केव्हाही सरस. गाईडना हे पटत नसेल तर दुसऱ्या प्रकरणात एक रिग्रेशन (एका गोष्टीचा इतर गोष्टींशी असलेला संबंध मोजणारं समीकरण) द्या, पण प्रबंधाचा कणा तो तक्ताच राहू द्या.

चांगल्या प्रश्नाची एक चाचणी आहे. उत्तराचा रिकामा तक्ता आधीच काढून पाहा: ओळींमध्ये काय, स्तंभांमध्ये काय, तळाशी एकूण संख्या कशाची. तक्ता काढता येत नसेल तर तो अजून विषयच आहे.

पीएलएफएस हाताळताना

वरच्या प्रश्नासाठी पीएलएफएस, म्हणजे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण लागेल. त्याचा व्यक्तिगणिक डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी करून फुकट मिळतो. एका वर्षाच्या पहिल्या भेटीच्या फायलीत चार लाखांहून जास्त माणसं असतात. एक्सेलची मर्यादा 10,48,576 ओळींची असल्याने एक वर्ष त्यात मावतं, दोन वर्षंही बसतात, तिसरं जोडलं की एक्सेल हात टेकतं. म्हणून पहिल्या दिवसापासून आर (R) हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर वापरा. ते फुकट आहे. कॉलेजात स्टाटाचं लायसन्स असेल तर तेही चालेल, पण घरच्या लॅपटॉपवर ते नसेल तर काम कॉलेजच्या लॅबच्या वेळेला बांधलं जातं.

फाईल बहुधा साध्या मजकुराची असते: स्वल्पविराम नाहीत, नुसते अंक एकाला एक चिकटलेले, आणि कोणता स्तंभ कुठून कुठे ते वेगळ्या लेआउट फायलीत दिलेलं. इथे एका बाइटने घसरलात तर वय 35 चं 53 होत नाही, त्याहून वाईट होतं: राज्याच्या क्रमांकाचा शेवटचा अंक जिल्ह्याला जाऊन चिकटतो आणि सगळं वरवर ठीक दिसत राहतं. वाचून झाल्यावर लगेच तीन गोष्टी तपासा. राज्यांचे क्रमांक नेहमीच्या यादीतलेच आहेत का (महाराष्ट्र 27, गोवा 30), लिंगाच्या स्तंभात अपेक्षित अंकांखेरीज काही आहे का, आणि सगळ्यात मोठं वय किती.

पुढचा खड्डा वेटचा, म्हणजे एक ओळ किती माणसांची प्रतिनिधी आहे त्या आकड्याचा. प्रत्येक ओळीत मल्टिप्लायर नावाचा एक मोठा आकडा असतो. तो तसाच वापरायचा नाही. वार्षिक अंदाजासाठी फायलीतले एनएसएस आणि एनएससी नावाचे दोन स्तंभ बघायचे. दोन्ही सारखे असतील तर मल्टिप्लायरला 100 गुणिले तिमाह्यांची संख्या याने भागायचं, वेगळे असतील तर 200 गुणिले तिमाह्यांची संख्या याने. समजा मल्टिप्लायर 2,48,000 आहे आणि तिमाह्या 4. स्तंभ वेगळे असतील तर ती एक ओळ 310 माणसांची प्रतिनिधी. सारखे असतील तर 620 जणांची. सगळ्यांना सरसकट 100 नेच भागलं तर टक्केवारी थोडीशीच हलते, आणि म्हणूनच ही चूक प्रबंध जमा होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय या वेटांची बेरीज करून ‘महाराष्ट्रात इतके लाख कामगार’ असे एकूण आकडे लिहू नका. पीएलएफएसची एकूण लोकसंख्या प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. टक्केवारी आणि गुणोत्तरं वापरा.

तिसरा खड्डा ‘काम करतो’ म्हणजे काय याचा. अहवालातला नेहमीचा सहभाग दर मुख्य आणि दुय्यम अशा दोन्ही स्थितींवरून काढतात. मुख्य स्थितीत 92 किंवा 93, म्हणजे घरकाम, असलेली बाई दुय्यम स्थितीत 21, म्हणजे घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस, असू शकते. फक्त मुख्य स्थिती पाहिली तर नेमक्या याच बायका गळतात, आणि तुमचा प्रश्न तर त्यांच्याबद्दलच आहे. 11 आणि 12 स्वतःचा धंदा, 21 बिनपगारी मदत, 31 नियमित पगार, 41 ते 51 रोजंदारी, 81 बेरोजगार. हे अंक भिंतीवर लावून ठेवा.

सगळं बरोबर झालं का याची खूण सोपी आहे. 2023-24 च्या फायलीवरून अखिल भारतीय, 15 वर्षं आणि त्यावरच्या स्त्रियांचा सहभाग दर, मुख्य अधिक दुय्यम स्थिती धरून काढा. अहवालात तो 41.7 टक्के आहे. पुरुषांचा 78.8. एकूण बेरोजगारी 3.2. तुमच्या पडद्यावर 41.7 ऐवजी 38 दिसत असेल तर दुय्यम स्थिती राहिली असेल किंवा वयाची गाळणी चुकली असेल. हा आकडा जुळल्याशिवाय महाराष्ट्राकडे वळू नका. 2017-18 साठी हीच खूण 23.3 टक्के आहे. जुळलेले हे दोन आकडे प्रबंधाच्या परिशिष्टात द्या; परीक्षकाच्या मनातली अर्धी शंका तिथेच मिटते.

जिल्हानिहाय तक्ते करायचा मोह होईल. 2025 च्या आधीच्या पीएलएफएसचा नमुना जिल्ह्याच्या पातळीसाठी आखलेला नव्हता. गडचिरोलीतल्या 25 ते 54 वयाच्या विवाहित स्त्रिया गाळत गेलात की हाताशी काही डझन ओळी उरतात आणि त्यावर टक्केवारी लिहिणं म्हणजे थाप. जानेवारी 2025 पासून नमुन्याची रचना बदलली आहे, दरमहा आकडे येतात आणि ग्रामीण भागातही त्याच घरांना पुन्हा भेटी देतात. त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांची एकच रेघ ओढताना मधे तुटक रेष हवी आणि खाली कारण हवं.

रिग्रेशन दिलंत तर एक नेहमीची चूक टाळा. स्त्री काम करते की नाही हे समजावताना घरचा मासिक खर्च नियंत्रक (कंट्रोल) म्हणून घालतात. पण ती कमावते म्हणूनही खर्च वाढलेला असतो. म्हणजे परिणामच कारणांच्या रांगेत बसवला जातो. वय, वयाचा वर्ग (वय गुणिले वय), शिक्षण, सामाजिक गट, घरातली लहान मुलं एवढं पुरे. स्टँडर्ड एरर (अंदाजातल्या अनिश्चिततेचं माप) सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्याच्या एककावर, म्हणजे गाव किंवा नागरी गटावर, क्लस्टर करा, म्हणजे त्यातली घरं एक गट धरा. एकाच गावातल्या आठ घरांना आठ स्वतंत्र पुरावे धरलं की तारका, म्हणजे निकाल ‘लक्षणीय’ असल्याच्या खुणा, उगाच वाढतात.

कांद्याचा विषय घ्यायचा असेल तर

नाशिक-नगरकडच्या कॉलेजांत दरवर्षी कुणीतरी कांदा घेतंच, आणि घ्यावाही. रोजचे भाव आणि आवक अशी दीर्घ मालिका दुसऱ्या फारशा पिकांची सहज मिळत नाही. अ‍ॅगमार्कनेटवर (केंद्राच्या शेतमाल बाजारभावांच्या संकेतस्थळावर) आणि राज्याच्या पणन मंडळाकडे लासलगाव, पिंपळगाव वगैरे बाजारांची आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर मिळतो. विश्लेषणासाठी सर्वसाधारण दर घ्या. जास्तीत जास्त दर एखाद्या निवडक ट्रॉलीचाही असू शकतो, वर्तमानपत्रात मथळा होतो तो त्याचाच.

नेहमी घेतला जाणारा प्रश्न म्हणजे निर्यातबंदीचा भावावर परिणाम. घटनाक्रम पक्का ठेवा: 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातमूल्य, 8 डिसेंबर 2023 पासून बंदी, 4 मे 2024 ला बंदी उठून 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क, सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य रद्द आणि शुल्क 20 टक्के, 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही रद्द. आता 8 डिसेंबरच्या आधीचे आणि नंतरचे 30 दिवस घेऊन सरासरी काढली की भाव कोसळलेला दिसेलच. पण डिसेंबरात खरिपाच्या लाल कांद्याची आवक दरवर्षीच वाढते आणि भाव दरवर्षीच उतरतो. त्यातलं बंदीचं किती आणि हंगामाचं किती? शिवाय सरकारने बंदी घातलीच मुळी भाव चढले म्हणून. म्हणजे भावाने धोरण ठरवलं आणि आपण धोरणाने भाव ठरला असं मोजतोय. तुलनेला दुसरा बाजार घ्यावा तर सोलापूरपासून बंगळुरूपर्यंत सगळे बाजार एकमेकांशी जोडलेले, बंदीबाहेर कुणीच नाही.

म्हणून याच डेटावर वेगळा प्रश्न घ्या: लासलगावचा भाव हलल्यावर मुंबईचा किरकोळ भाव किती दिवसांनी हलतो, आणि भाव चढताना व उतरताना हा वेग सारखाच असतो का? केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग शहरांचे रोजचे किरकोळ भाव नोंदवतो. दोन्ही मालिका एकत्र आणताना घाऊक भाव क्विंटलचा आणि किरकोळ किलोचा आहे हे विसरू नका. हा प्रश्न 90 तासांत बसतो, शेतकऱ्यालाही कळतो आणि परीक्षकालाही.

या डेटातली मेख सुट्ट्यांची आहे. अमावास्या, सण, व्यापाऱ्यांचा बंद, अशा दिवशी लिलाव नसतो. त्या दिवशी भाव शून्य नव्हता, भाव नव्हताच. शून्य भरलं तर सगळी मालिका विस्कटते. सप्टेंबर 2023 मध्ये नाशिकच्या व्यापाऱ्यांचा बंद बरेच दिवस चालला. तिथे मधले भाव सरळ रेषेने भरून काढले तर तुम्ही न झालेले लिलाव शोधून काढले असं होईल. आठवड्याची सरासरी घ्या आणि तो काळ वेगळा दाखवा. लाल, रांगडा आणि उन्हाळ हे तीन कांदे टिकायलाही वेगळे आणि भावालाही. ‘कांदा’ या एकाच नावाखाली ते मिसळले असतील तर निदान महिन्यांचे डमी (प्रत्येक महिन्यासाठी 0 किंवा 1 असा स्तंभ) तरी घाला.

गूगल फॉर्म आणि लाडकी बहीण

अजूनही बऱ्याच ठिकाणी पहिला सल्ला मिळतो तो प्रश्नावली काढायचा. शंभर ओळखीच्यांना गूगल फॉर्म पाठवायचा, पाच पर्यायांची मतं विचारायची, काय-वर्ग (chi-square) चाचणी लावायची आणि ‘परिकल्पना स्वीकृत’ असं लिहायचं. हे टाळा. 384 चा नमुना पुरतो असं सगळे सांगतात. तो आकडा येतो 1.96 चा वर्ग गुणिले 0.25 भागिले 0.05 चा वर्ग यातून, आणि तो यादीतून यादृच्छिक निवड केली असेल तरच लागू होतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या 384 उत्तरांना त्याचा काही उपयोग नाही.

स्वतः सर्वेक्षण करायचंच असेल तर छोटी पण पूर्ण यादी असलेली जागा निवडा: एका बाजारपेठेतली सगळी दुकानं, एका गावातली सगळी घरं. आधी यादी, मग निवड, मग दहा जणांवर चाचणी, मग प्रत्यक्ष काम. अर्ध्या तासाच्या मुलाखती एका माणसाकडून दिवसाला सहा-सातच नीट होतात. 120 मुलाखती म्हणजे सतरा ते वीस दिवस, आणि ते दिवाळीच्या सुट्टीत बसवायचे तर लोक घरी असतात पण वेळ देत नाहीत.

लाडकी बहीण योजनेवर प्रबंध करायची सध्या सगळ्यांनाच घाई आहे. जुलै 2024 ची योजना, महिन्याला 1,500 रुपये, वय 21 ते 65, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. अडचण अशी की ती सगळ्या राज्यात एकदम आली. तुलनेला शेजारचं राज्य घ्यावं तर मध्य प्रदेशात लाडली बहना आणि कर्नाटकात गृहलक्ष्मी 2023 पासूनच सुरू आहेत. म्हणजे तुलनेचा गटही औषध घेतलेलाच. शिवाय ‘योजना लागू’ असलेलं एकक एकच, महाराष्ट्र. आकडे लाखभर माणसांचे असले तरी प्रयोग एकदाच झालेला आहे. योजनेच्या वाटपाचं, खाती उघडण्याचं वर्णन करा, चालेल. ‘योजनेमुळे अमुक टक्के वाढ’ हे वाक्य मात्र या डेटातून निघत नाही.

जिल्ह्यांचे जुने-नवे आकडे जोडणाऱ्यांसाठी एक इशारा. 1991 च्या जनगणनेत राज्यात 30 जिल्हे होते, 2001 आणि 2011 मध्ये 35, आणि 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून पालघर वेगळा झाल्यावर 36. ठाण्याची 2011 ची लोकसंख्या नंतरच्या ठाण्याशी जोडली तर दरडोई आकडे हास्यास्पद येतात. दोन्ही जिल्ह्यांची बेरीज करून एकच एकक धरा. नावांवरून फायली जोडू नका. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं काही फायलींत नवी आहेत, काहींत जुनी, आणि औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे. राज्य आणि जिल्हा असे दोन्ही क्रमांक घेऊन जोडा, तेही हाताने केलेल्या यादीवरून, कारण राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाचे (एनएसएस) जिल्हा क्रमांक जनगणनेशी जुळतीलच असं नाही.

गाईड, वेळापत्रक, लेखन

गाईड नावावर निवडू नका, उपलब्धतेवर निवडा. दोनच गोष्टी विचारा: यंदा तुमच्याकडे किती विद्यार्थी आहेत, आणि तुम्ही स्वतः सर्वेक्षणाचा कच्चा डेटा वापरता का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असलं तरी चालतं, पण मग सांख्यिकी विभागातला कुणी मदतीला मिळतो का ते बघून ठेवा. भेटीला जाताना एक पान लिहून न्या: मागच्या वेळी ठरलेलं काय झालं, काय अडलं, आता काय विचारायचं आहे. सर किंवा मॅडम कितीही कामात असले तरी एक पान वाचतात. ‘थोडं काम झालंय’ याला मात्र ‘चालू ठेवा’ एवढंच उत्तर मिळतं.

वेळापत्रक साधं आहे. जुलैत वाचन आणि फायली उतरवणं, ऑगस्टअखेर प्रश्न आणि रिकामे तक्ते, दिवाळीपूर्वी जुळणीचे आकडे, डिसेंबरअखेर पहिला खरा तक्ता, फेब्रुवारीत पहिला खर्डा, मार्चअखेर बांधणी. जानेवारी उजाडला आणि डेटा हातात नसेल तर डेटा बदला. वाट पाहू नका. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणणाऱ्या सरकारी कार्यालयावर कुणाचाही प्रबंध अवलंबून असू नये.

वाचनासाठी पंधरा-वीस शोधनिबंध पुरे. प्रत्येकाची पाच ओळींची नोंद करा: प्रश्न, डेटा, पद्धत, निष्कर्ष, आणि त्यांना काय जमलं नाही. पाचवी ओळच पुढे कामी येते. पुण्यात असाल तर गोखले संस्थेचं ग्रंथालय, मुंबईत असाल तर विद्यापीठाचं अर्थशास्त्राचं संकलन बघून या. जुन्या सर्वेक्षणांचे अहवाल नेटवर सगळे नाहीत.

प्रबंध मराठीत लिहिणार असाल तर भाषा संचालनालयाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश जवळ ठेवा. लवचिकता, सीमान्त, सहसंबंध हे शब्द रुळलेले आहेत, बेधडक वापरा. जे रुळलेले नाहीत तिथे ओढूनताणून संस्कृत शब्द घडवण्यापेक्षा रिग्रेशन, क्लस्टर, डमी असंच लिहा, मात्र एकदा अर्थ सांगा आणि शेवटपर्यंत तोच शब्द ठेवा. तक्ते आधी, मग प्रत्येक तक्त्याखाली दोन परिच्छेद, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. मजकूर-साम्य 10 टक्क्यांच्या आत ठेवायचं. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत त्यापुढे 40 टक्क्यांपर्यंत दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं. एआयकडून संदर्भसूची करून घेऊ नका, त्यात अस्तित्वातच नसलेले निबंध निघतात, आणि परीक्षक हल्ली आधी तेच तपासतात.

परिणाम ‘लक्षणीय’ आला नाही म्हणून मॉडेल बदलत बसू नका. परिणाम शून्याजवळ आहे हेही उत्तरच आहे, फक्त विश्वास-अंतराल (confidence interval) द्या, म्हणजे ‘परिणाम नाही’ आणि ‘नमुना लहान म्हणून दिसला नाही’ यातला फरक कळेल.

व्हायवात (तोंडी परीक्षेत) प्रश्न प्रस्तावनेवर येत नाहीत, तक्त्यावर येतात. बोट ठेवून विचारतात: या ओळीत निरीक्षणं किती, आधीच्या तक्त्यात 6,200 होती ती इथे 5,870 कशी झाली? गळलेल्या 330 ओळी कुठे गेल्या, शिक्षणाची नोंद नव्हती की वेतन शून्य होतं, हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी कच्च्या फायलीपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत सगळा कोड एका फोल्डरमध्ये, 01, 02, 03 अशा क्रमाने ठेवा, कच्ची फाईल कधीही हाताने बदलू नका, आणि प्रत्येक पायरीनंतर किती ओळी उरल्या ते कोडमध्येच छापून घ्या. व्हायवाला जाताना त्या एका पानाची छापील प्रत बरोबर न्या.